नवऱ्याच्या सहीशिवाय

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री, मा. गृहमंत्री, मा. महसूल मंत्री, मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य;
तसेच सर्व जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक.

विषय : मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला पुन्हा त्याच घरी न धाडण्याबाबत.



मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने बाईचं पुढचं आयुष्य ठरवतात. हे पत्र त्या दोन-तीन महिन्यांबद्दल आहे. मी तालुक्याच्या गावी अशा बायकांसोबत काम करते. त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, शाळेत, बँकेत जाऊन बसते. तिथे जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाई सोसत राहते, घर सोडतच नाही, असा एक समज आहे. ती सोडते. पुन्हा पुन्हा सोडते. दिवाळीला माहेरी आलेली परत जात नाही, बाळंतपणाला आलेली थांबते, मध्यरात्री पोर कडेवर घेऊन शेजारच्या गावी मावशीकडे निघते. आणि मग परतते. परतताना तिला सगळं गाव पाहतं आणि म्हणतं, हिलाच राहायचंय तिथे. का परतलीस, हे तिला फारसं कुणी विचारत नाही. मी विचारते. उत्तरात कधी नवऱ्याची माया येते, कधी लोकलाज येते, पण त्याहून जास्त वेळा वेगळंच काही येतं. रेशन मिळेना. पोराला शाळेत घेईनात. भाऊ म्हणाला, किती दिवस? पोलिसांनी त्याला पत्ता सांगितला. कोर्टाची तारीख पुन्हा पुढे गेली.

माझं म्हणणं एकच आहे. सरकारच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीवर लग्न झालेली बाई नवऱ्यामार्फत ओळखली जाते. ज्या दिवशी ती त्याचं घर सोडते, त्या दिवसापासून कागदावर ती कुणीच उरत नाही. तिला परत बोलवायला नवऱ्याला हातपाय हलवावे लागत नाहीत. या खिडक्याच तिला परत पाठवतात. हे बदलणं तुमच्या हातात आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही. एक नेटकं परिपत्रक आणि ते पाळलं जातंय की नाही हे पाहणारा एक माणूस, एवढं पुरतं.

किती बायकांचा प्रश्न आहे, हे तुमच्याच सरकारी पाहणीत आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच सर्वेक्षणातला देशभरातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कधी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाजवळ शब्दही काढला नाही. म्हणजे जी बाई तुमच्या दारापर्यंत येते, ती फार मोठी वाट चालून आलेली असते. तिला पहिल्या खिडकीवरून माघारी लावलं, तर ती दुसऱ्या खिडकीकडे जात नाही.

आता एकेक खिडकी सांगते. पहिली रेशनची. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असेल, असं त्यात लिहिलं आहे. तरतूद बाईच्या बाजूची आहे. पण एकत्र कुटुंबात ती मोठी स्त्री म्हणजे सासू. सून पोरांना घेऊन माहेरी आली की तिला सांगतात, आधी तिकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तो दाखला आणायचा तर अर्ज कुटुंबप्रमुखाने करायचा. म्हणजे जिच्या डोळ्यांसमोर मार खाल्ला, तिचीच सही आणायला जायचं. बाई जात नाही. मग माहेरच्या कार्डावरच्या धान्यात आणखी तीन तोंडं भरतात. पंधरा दिवस कुणी बोलत नाही. महिन्यानंतर भावजय भांडी जरा जोरात आपटायला लागते. भावजयीला मी दोष देत नाही, तिचंही घर हातावरच चाललेलं असतं.

परित्यक्ता बायकांनी हे सगळं १९८० च्या दशकातच ओरडून सांगितलं होतं. संगमनेरात समता आंदोलनाने, सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकरांच्या नेतृत्वाखाली स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने मोर्चे काढले, परिषदा भरवल्या. त्या वेळच्या मागण्यांत वेगळं रेशनकार्ड होतं, राहायला जागा होती. दया दाखवा, असं त्यातली कुठलीच मागणी म्हणत नव्हती. आम्हाला स्वतंत्र कुटुंब म्हणून मोजा, एवढंच त्या म्हणत होत्या. चाळीस वर्षं होत आली. माझी मागणी तीच आहे: बाईने स्वतः लिहून दिलं की मी अमुक तारखेपासून वेगळी राहते, तर त्या जबाबावर तिचं आणि तिच्या मुलांचं नाव जुन्या कार्डातून तहसील कचेरीनेच कमी करावं आणि नवं कार्ड द्यावं. सासरच्या सहीसाठी तिला तिकडे पाठवू नये.

दुसरी खिडकी शाळेची. मुलांसाठी बाई किती सोसते हे सगळे सांगतात, पण मुलांच्या दाखल्यासाठी ती परत जाते हे कुणी सांगत नाही. शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या गावात अडकलेला असतो, वडिलांच्या सहीशिवाय तो मिळत नाही असं तिला सांगितलं जातं, आणि नवी शाळा दाखल्याशिवाय मुलाला बसवून घेत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येणार नाही. कायदा आहे, मुख्याध्यापकांपर्यंत तो गेलेला नाही. शिक्षण विभागाने प्रत्येक केंद्रप्रमुखाला हे लेखी कळवायला किती वेळ लागतो? आणि त्यातच आणखी एक ओळ हवी: मूल कुठल्या शाळेत दाखल झालं हे वडिलांनी विचारलं तर आईशी बोलल्याशिवाय सांगू नये. मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी उभं राहून बायकोला गाठणारे नवरे मी पाहिले आहेत.

इथेच गृहखात्याला उद्देशून लिहायचं आहे, आणि ही गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाई घरातून निघाली की नवरा दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जातो आणि बायको बेपत्ता झाल्याची खबर देतो. मिसिंग दाखल होते. मग पोलीस तिच्या मोबाईलचं ठिकाण काढतात, ती कुठे आहे ते शोधतात, तिला बोलावून घेतात, आणि नवऱ्यालाही बोलावतात. तिने महिनाभर पैसे साठवून, कुणाला न सांगता जी जागा गाठलेली असते ती एका फोनवर उघडी पडते. हवालदाराच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या दृष्टीने बाई सापडली, कुटुंब भेटलं, प्रकरण मिटलं. पण जगभरचे अभ्यास आणि आमचा अनुभव एकच सांगतो की जिवाला सर्वांत जास्त धोका बाई निघते तेव्हा आणि त्यानंतरच्या थोड्या काळात असतो. ती हातातून सुटतेय हे त्याला कळतं तेव्हा मार खुनापर्यंत जातो. म्हणून सज्ञान बाई सापडली, तर पोलिसांनी तिचा जबाब तिला एकटीला बसवून घ्यावा, ती स्वखुशीने घर सोडून आली आहे एवढीच नोंद करावी, आणि तिचा पत्ता, फोन, गाव यांतलं काहीही खबर देणाऱ्याला सांगू नये. हा आदेश पोलीस महासंचालकांच्या कार्यालयातून निघाला पाहिजे आणि ठाण्याच्या भिंतीवर लागला पाहिजे.

ठाण्याबद्दल आणखी दोन गोष्टी. आमच्या हद्दीत नाही, हे उत्तर आता चालत नाही. २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की छळामुळे घर सोडलेल्या बाईने जिथे आसरा घेतला तिथेच तिला गुन्हा दाखल करता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. तरी बाईला सासरच्या ठाण्याची वाट दाखवली जाते. दुसरी गोष्ट मला फार गंभीर वाटते. पोलिसांच्या महिला कक्षांच्या कामाचा हिशेब किती संसार पुन्हा जुळवले यावर मांडला जातो. वर्षाअखेरी तो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, लोक कौतुक करतात. त्या जुळवलेल्या संसारांत सहा महिन्यांनी काय चाललंय याची नोंद कुणी ठेवतं का? समुपदेशनाच्या टेबलाशी बसलेल्या बाईला आपल्यापुढे काय अपेक्षा आहे ते लगेच कळतं. ती मान हलवते. सहीचा कागद पुढे येतो, त्यावर यापुढे मारणार नाही असं त्याने लिहिलेलं असतं, आणि त्याच संध्याकाळी ती त्याच्यासोबत एसटीत बसलेली असते. हा आकडा मोजणं तुम्ही बंद करा, एवढी विनंती आहे. त्याजागी कक्षात आलेली बाई सहा महिन्यांनी सुरक्षित आहे का, हे विचारा.

नवऱ्याने मारलं, पावसाने झोडपलं आणि राजाने छळलं तर तक्रार कुणाकडे न्यायची, अशी आपल्याकडे म्हण आहे. २६ ऑक्टोबर २००६ ला कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू झाला तेव्हा तिच्यातल्या पहिल्या तक्रारीला तरी जागा मिळाली असं आम्हाला वाटलं होतं. कायदा खरोखर चांगला आहे. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, तिथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न, असं त्यात लिहिलं आहे. गरज असेल तर समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देता येतो. आणि बाईनेच घर सोडावं असंही त्यात कुठे नाही. तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, न्यायालय नवऱ्याला घराबाहेर जायला सांगू शकतं. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून हा हक्क बुडत नाही, हे २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा निकालाने स्पष्ट केलं. हे सगळं कागदावर असताना साठ दिवसांचं वर्ष का होतं? कारण मधला माणूस नाही. या कायद्याचा कणा संरक्षण अधिकारी आहे: घटनेचा अहवाल लिहिणारा, अर्ज करायला मदत करणारा, आदेश पाळला जातो का पाहणारा. तो बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कामाच्या ओझ्याखाली दबलेला असतो. गावातल्या बायकांना असं पद आहे हेच ठाऊक नसतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना आदेश दिला की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागाच्या अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा आणि त्याची प्रसिद्धी करा. आदेशाने नाव लागतं, माणूस मोकळा होत नाही. प्रत्येक तालुक्याला फक्त याच कामाचा एक अधिकारी, त्याला फिरायला वाहन आणि बायकांच्या हाती पडेल असा त्याचा फोन नंबर, हे अर्थसंकल्पात दिसलं पाहिजे.

पोटगीचंही तसंच. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात (ते प्रकरण आपल्याच नागपूरहून गेलं होतं) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनी आपापलं उत्पन्न प्रतिज्ञापत्रावर उघड करायचं. आदेश होतात. वसुलीसाठी बाई पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते. तोवर तिने काय खायचं?

म्हणून पैशाबद्दल बोलते. लाडकी बहीण योजनेवर बरीच टीका होते, तिच्या खर्चावर, तिच्या वेळेवर. त्या वादात मला पडायचं नाही. मी एवढं पाहिलं आहे की जुलै २०२४ पासून दरमहा दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात यायला लागले, तेव्हा काही बायकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातातून न गेलेला पैसा आला. एसटीचं अर्धं तिकीट आणि हे दीड हजार, एवढ्यावर माहेर गाठलेल्या बायका मला माहीत आहेत. या योजनेने त्यांना घर दिलं नाही, पण निघण्याइतपत बळ दिलं. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटितांसाठी नंतर वाट काढली, त्यांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद द्यायचा. पण जी गेल्या महिन्यात अंगावरच्या साडीनिशी निघून आली, तिच्याकडे ना घटस्फोट ना कुठला हुकूम. तिला नवऱ्याचा आधार आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी हवा. म्हणजे तिच्या दीड हजारांची किल्ली पुन्हा त्याच्या खिशात. ही अट परित्यक्ता आणि वेगळं राहणाऱ्या बायकांसाठी काढून टाका. तिचा स्वतःचा जबाब पुरे माना. बँकेनेही खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला तिला नवऱ्याकडे पाठवू नये. बऱ्याच जणींच्या खात्याला नवऱ्याचाच नंबर जोडलेला असतो, पैसा आला की आधी त्याला कळतं.

पण दीड हजार म्हणजे छप्पर नव्हे. छपराबद्दलचं सर्वांत ठोस काम मला केरळातलं वाटतं. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. आणि दीर्घकाळ मार खाणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ मालमत्ता होती त्यांतल्या ७१ टक्के स्त्रिया घर सोडून निघाल्या. बिनमालमत्तेच्या १९ टक्केच निघू शकल्या, आणि ज्या नंतर परतल्या त्यांत बहुतेक मालमत्ता नसलेल्याच होत्या. बाईच्या नावावर जागा असली की नवऱ्याचा हात आधीच आखडतो, आणि नाही आखडला तर तिला जायला ठिकाण असतं.

आपल्याकडे याची जाण त्याआधीची आहे. १८८४ पासून मुंबईत चाललेला रखमाबाईंचा खटला सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन त्या सुटल्या आणि पुढच्या वर्षी डॉक्टर व्हायला विलायतेला गेल्या. त्यांच्या धैर्याबद्दल आपण भाषणं करतो, ती करावीतच. पण त्यांच्यामागे काय होतं तेही सांगावं. वडिलांकडून आलेली मालमत्ता त्यांच्या नावावर होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते. घरात जागा, हातात पैसा आणि परत जा न म्हणणारं एक माणूस. माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांचं धैर्य रखमाबाईंपेक्षा कमी नसतं, या तीन गोष्टी कमी असतात.

त्यातली जमिनीची गोष्ट शेतकरी संघटनेने ओळखली होती. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: ज्या गावातली शंभर कुटुंबं जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरपासून अनेक गावांनी ते केलं. शासनानेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली. सोय अशी की अर्ज नवऱ्याने करायचा. जो मारतो तो हा अर्ज करेल का?

मुलीच्या वाट्याचं पाहा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, म्हणजे केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. आणि त्याच महाराष्ट्रात वारस नोंदीच्या वेळी भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो, साडी घेतो, हक्कसोडीवर सही घेतो. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये असं तिला वाटतं. वर्षा-दोन वर्षांनी तीच बहीण डोळा सुजलेला घेऊन त्याच घरी येते आणि भाऊ विचारतो, किती दिवस राहणार? तिने जे माहेर राखायला सही केली ते सही करताच गेलेलं असतं. महसूल मंत्र्यांना माझी विनंती आहे: हक्कसोड नोंदवण्याआधी दुय्यम निबंधकाने बाईशी भावाच्या, नवऱ्याच्या गैरहजेरीत बोलावं. तिच्या वाट्याला किती जमीन येते, बाजारभावाने तिची किंमत काय, हे आकड्यात सांगावं. आणि सही करण्याआधी काही आठवड्यांची मुदत द्यावी. सही करायचीच असेल तर ती करेल. पण काय सोडते आहे हे कळून करेल.

आणि तिसरी गोष्ट, सोबत चालणारं माणूस. याचाही शोध नव्याने लावायचा नाही. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ही त्यातली मूळ कल्पना. नंतर राज्य शासनाने ती स्वीकारली, जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून या शतकाच्या सुरुवातीला दिलासा केंद्र उघडलं. त्यातलं शहाणपण असं की बाईला कुणाला न सांगता जाता येईल अशी जागा दवाखाना आहे. ठाण्यात गेली तर गावभर होतं. दवाखान्यात ती पडले म्हणून जाते, पोटात दुखतं म्हणून जाते, आणि तिथल्या परिचारिकेला खूण ओळखायला शिकवलेलं असेल तर ती हळूच विचारते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे का नसावं? आशाताई आणि एएनएम रोज घरात जातात, जखमा त्यांना आधी दिसतात. त्यांना काय विचारायचं, नवऱ्यासमोर काय विचारायचं नाही, आणि मग कुणाला फोन करायचा, एवढं शिकवणं हे मोठं काम होईल. निघण्याआधी कागदपत्रांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवायच्या, थोडे पैसे आणि मुलांचे कपडे वेगळे काढायचे, कुठल्या वेळी निघायचं, फोन बंद करायचा की बदलायचा, हे बाईशी आधी बोलून ठरवलेलं असेल तर ती जास्त सुखरूप निघते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन उचलणाऱ्या व्यक्तीलाही हेच आलं पाहिजे.

हिंसा सोसलेल्या बायकांसाठी २०१५ पासून सुरू झालेल्या सखी केंद्रात पाच दिवस राहता येतं. पाच दिवसांत सूजही पूर्ण उतरत नाही. त्यापुढच्या निवाऱ्यात ठरावीक वयावरच्या मुलाला आईजवळ राहता येत नाही, आणि मोठ्या मुलाला सोडून कुठलीच आई राहत नाही. तिथली जागा वाढवा, मुदत वाढवा, मुलाच्या वयाची अट काढा किंवा त्यांच्यासाठी भाड्याच्या स्वतंत्र खोल्या घ्या. सुरुवातीच्या सहा महिन्यांचं घरभाडं थेट देणं हा निवारा बांधण्यापेक्षा सोपा आणि माणुसकीचा मार्ग आहे, असं मला ठामपणे वाटतं.

राहिला एक गट, ज्याला या सगळ्यातलं काहीच पुरत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती या जोडीच्या जिवावर, पण पैसे नवऱ्याच्या हातात जातात आणि हिशेबही त्याच्याच नावाने राहतो. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून, रात्री कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी वेगळी दाखवलेलीच नसते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला काम मिळणं अवघड. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे आलेल्या बाईला नवऱ्याने फडात मारलं, तर तिने जायचं कुठे? गाव शंभर कोसांवर, उचल फिटलेली नाही, ती गेली तर मुकादम तिच्या माहेरच्या दारात जातो. ठाणं परकं, रेशनकार्ड गावाकडे, पोरं कोपीवर. तिचं स्वतःचं खातं, तिच्या वाट्याच्या मजुरीची तिच्या नावे वेगळी नोंद, आणि ती निघून गेली तर उचलीतला तिचा अर्धा वाटा नवऱ्याच्या खात्यात न ढकलता वेगळा मोजण्याचा नियम, या तीन गोष्टी ऊसतोड कामगार महामंडळ आणि साखर आयुक्तालय मिळून करू शकतात. कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात हंगामापुरतं एक संरक्षण अधिकारी आणि एक फिरतं पथक नेमणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं, असा निर्णय तुमच्याच शासनाने घेतला आणि तो लागूही झाला. तेव्हा कागद बदलता येतात, हे तुम्हाला माहीत आहे. मी सांगितलेल्या प्रत्येक खिडकीबद्दल संबंधित विभागाने लेखी उत्तर द्यावं: बदल करणार आहात का, कधी, आणि नसाल तर का नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघायला लागतात. निदान त्यांच्यासाठीचा आदेश त्याआधी निघायला हवा.

आपली,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक समुपदेशक